एक मत विरोधात

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी कविता लिहिणारा माणूस. नगरसेवक या विषयावर बोलायला मला बोलावणं आलं तेव्हा आमच्या घरातच हसू झालं. पत्नी म्हणाली, "गझल आणि गटार, दोन्हींतलं तुम्हाला काय कळतं?" गझलेबद्दल मी वाद घातला असता. गटाराबद्दल मात्र तिचं खरं आहे. पंचवीस वर्षं घरासमोरून वाहणारं पाणी पुढे कुठे जातं, हे मी एकदाही जाऊन पाहिलेलं नाही. पण नगरसेवकाशी माझा एकदा चांगला वाद झाला होता आणि त्या वादात माझी बाजू चुकीची होती. ती गोष्ट सांगायची म्हणून मी हो म्हटलं.

आमचं पाचोरा हिवरा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेलं आहे. भुसावळ-मनमाड मार्गावरचं स्टेशन, तालुक्याचं ठिकाण, कापसाचा आणि केळीचा मुलूख. इथल्या माणसाला सरकार म्हटलं की डोळ्यांपुढे दोनच माणसं येतात, एक तलाठी आणि दुसरा नगरसेवक. त्यातही तलाठी बदलून जातो. नगरसेवक सकाळी दुधाच्या रांगेत भेटतो. म्हणून लोक त्याला काहीही विचारतात. आमची पाचोरा-जामनेर छोटी गाडी, आम्ही तिला पीजे म्हणतो, २०२० साली टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. तर माझ्या शेजारच्या आजोबांनी नगरसेवकाला गाठून विचारलं, "भाऊ, पीजे कव्हय चालू व्हई?" आता रेल्वे केंद्र सरकारची. रुळांची रुंदी बदलायचा निर्णय दिल्लीत होतो. पण आजोबांच्या दृष्टीने हा माणूस समोर उभा होता आणि दिल्ली समोर नव्हती. त्यानेही प्रामाणिकपणे "माझ्या हातात नाही" म्हणायचं सोडून "बोललो आहे वरती" असं सांगितलं. आमच्या लोकशाहीतली निम्मी गडबड या एका वाक्यात आहे.

मधे असा काळ आला की उत्तर द्यायला हा माणूसही उरला नाही. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांची मुदत २०२१ च्या अखेरीला आणि २०२२ च्या सुरुवातीला संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात होता, प्रभागरचनेचा घोळ होता. निवडणुका झाल्या त्या डिसेंबर २०२५ मध्ये. जवळजवळ चार वर्षं प्रशासकांचा कारभार होता. कामं होत नव्हती असं नाही. काही ठिकाणी तर ती जास्त नीट झाली असं लोक सांगतात. पण आमच्या गल्लीतल्या एक म्हाताऱ्या बाई मला म्हणाल्या ते मी विसरलो नाही. त्या म्हणाल्या, "पहिले शिव्या द्याले मानूस होता." नगरसेवकाची याहून नेमकी व्याख्या मी कुठे वाचलेली नाही.

शिव्या द्यायला माणूस मिळाला की पुढे काय? त्याने काय केलं हे मोजायचं कशाने? आपण मोजतो ते पेव्हर ब्लॉकने, हायमास्टच्या दिव्याने, आणि तो आपल्या घरच्या मयतीला आला होता की नाही याने. मयतीला येणं चांगलंच आहे. पण कायद्याच्या पुस्तकात त्याचा उल्लेख नाही. महाराष्ट्रातल्या नगरपरिषदांचा कायदा १९६५ सालचा आहे. त्यात नगरपालिकेची कामं दोन प्रकारची सांगितली आहेत. काही करावीच लागतात आणि काही जमली तर करावीत. रस्त्यावरचे दिवे, साफसफाई, गटारं, पिण्याचं पाणी, आग विझवणं, जन्ममृत्यूची नोंद, प्राथमिक शाळा, स्मशान आणि कबरस्तानाची जागा ही करावीच लागणारी. बागा, वाचनालयं वगैरे जमली तर. मी वाचनालयात वाढलेला माणूस आहे. वाचनालय दुसऱ्या यादीत पाहून मला वाईट वाटलं. पण जन्माला आलेल्या पोराला आधी पाणी लागतं, पुस्तक नंतर, हेही खरंच.

याद्या सरळ आहेत. प्रत्यक्षात मात्र पैसा कमी आणि मागणारे फार. नगरपालिकांची जकात १९९९ साली बंद झाली. त्याआधी नाक्यावर जमणारा पैसा हा गावाचा स्वतःचा पैसा होता. आता घरपट्टी आणि पाणीपट्टी सोडली तर बाकीच्यासाठी मुंबईकडे आणि दिल्लीकडे पाहावं लागतं. म्हणून रस्त्याच्या कोपऱ्यावर जो फलक लागतो त्यावर नगरसेवकाचा फोटो लहान आणि वरच्यांचे फोटो मोठे असतात. अशा वेळी नगरसेवकाच्या हातात खरोखर काय उरतं? तर एकच गोष्ट उरते. सभेत विषय आला की हात वर करणं किंवा न करणं. आधी काय आणि नंतर काय, हे सांगणं.

या बाबतीत मराठी मुलखात एका सभासदाचं काम मला सगळ्यांत मोठं वाटतं. तो सभासद म्हणजे जोतीराव फुले. मुलींची शाळा, सत्यशोधक समाज, शेतकऱ्याचा असूड हे सगळं आपण शाळेत शिकतो. पण १८७६ पासून १८८२ पर्यंत ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते, हे पुष्कळांच्या लक्षात नसतं. तेव्हा निवडणूक नव्हती. सरकार सभासद नेमत असे. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला तोच १८८२ साली. म्हणजे जोतीराव होते त्या वेळी सभासदाला मतदाराकडे जायचं नव्हतं. ज्यांनी नेमलं त्यांना खूष ठेवलं की झालं. शिवाय जोतीराव स्वतः ठेकेदारीचा व्यवसाय करत. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवला होता. सरकारी कामांवर ज्याचं पोट आहे असा माणूस सरकारने नेमलेल्या सभेत बसला, तर तो काय करील, हे आजचं शेंबडं पोरही सांगील.

तर झालं असं. व्हाइसरॉय पुण्याला येणार होते. शहर सजवायचं, मानपत्र द्यायचं, म्हणून नगरपालिकेने एक हजार रुपये खर्च करावेत असा प्रस्ताव आला. १८८० च्या आसपासचे एक हजार रुपये म्हणजे लहान रक्कम नव्हे. चार वर्षांपूर्वीच, १८७६-७७ मध्ये, दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडून गेला होता. त्या दुष्काळात उपाशी मुलांसाठी धनकवडीला जी व्यवस्था झाली तीत जोतीराव आणि त्यांचे सत्यशोधक सहकारी होते. हाडांचे सापळे झालेली पोरं त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. सभेत त्यांनी सांगितलं की हा पैसा पुण्यातल्या गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा. मतं घेतली. बत्तीस सभासदांच्या त्या नगरपालिकेत विरोधात मत पडलं ते एकट्या जोतीरावांचं.

मी या प्रसंगाचा पुष्कळ वेळा विचार केला आहे. हजार रुपये गेलेच. स्वागत झालंच असणार. म्हणजे हिशेबाने पाहिलं तर जोतीराव हरले. आजच्या भाषेत त्यांनी 'काम आणलं' नाही. आपल्या वॉर्डासाठी निधी नाही, कमान नाही, फलक नाही. पण त्या सभेतल्या बाकीच्यांची नावं आज पुण्यात तरी कुणाला सांगता येतील का? मला येत नाहीत.

दुसरी गोष्ट दारूची. शहरात दारूच्या दुकानांना परवाने वाढत चालले होते. १८८० च्या जुलैमध्ये जोतीरावांनी नगरपालिकेच्या व्यवस्थापक मंडळाच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं. त्यांचा मुद्दा मला फार आवडतो, कारण तो उपदेशकाचा नाही, हिशेबनिसाचा आहे. एका हाताने नगरपालिका लोकांच्या आरोग्यावर पैसा खर्च करते, त्यासाठी माणसं नेमते, आणि दुसरीकडे दारूची दुकानं उघडून त्याच लोकांचं आरोग्य आणि संसार बुडतात. मग त्या खर्चाचा उपयोग काय? आजही कुठल्याही गावाच्या अंदाजपत्रकाला हा प्रश्न विचारून पाहावा.

तिसरी गोष्ट मंडईची. पूर्वी पुण्याची भाजी शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या मैदानात विकली जाई. नगरपालिकेने मोठी बांधीव मंडई उभारायचं ठरवलं. जोतीरावांचा या खर्चाला विरोध होता, तोच पैसा शिक्षणाकडे जावा म्हणून. मंडई झालीच. १८८६ साली ती उघडली आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव तिला दिलं गेलं. पुढे आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने तिचं नाव बदललं. आज ती महात्मा फुले मंडई आहे. ज्यांनी विरोध केला त्यांचंच नाव त्या इमारतीला. आपल्याकडे थोर माणसांना असं गप्प करण्याची पद्धत जुनी आहे.

आता इथे मी माझं मत सांगतो, आवडो न आवडो. मंडईच्या बाबतीत जोतीराव पूर्ण बरोबर होते असं मला वाटत नाही. उन्हापावसात बसून भाजी विकणाऱ्या बाईला डोक्यावर छप्पर मिळणं ही काही चैन नाही. मी आमच्या आठवडे बाजारात चिखलात मेथीच्या जुड्या मांडून बसलेल्या बाया पाहतो तेव्हा मला त्या जुन्या मंडईचं कौतुकच वाटतं. पण जोतीरावांचं भांडण छपराशी नव्हतं, क्रमाशी होतं. शाळा आधी की इमारत आधी? आणि ती इमारत बाजारासाठी की देखाव्यासाठी? हे विचारणारा एक माणूस सभेत असावा लागतो. तो दर वेळी बरोबरच असला पाहिजे असं नाही.

सभेतल्या ठरावांचं आणखी एक उदाहरण आपल्याला ठाऊक आहे, फक्त आपण ते नगरपालिकेचं म्हणून पाहत नाही. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाडची नगरपालिका पुढे सरसावली. सुरेंद्रनाथ टिपणीस तिथे होते. ५ जानेवारी १९२४ रोजी महाडने चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. किती चांगलं काम! पण तीन वर्षं तो ठराव कागदावर राहिला. कुणाची तळ्यावर जायची छाती झाली नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्यायले, तेव्हा तो ठराव खरा झाला. आणि लगेच काय झालं? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. शेवटी १९३७ साली उच्च न्यायालयाने निकाल दिला आणि मगच तो वाद मिटला. एकच सभागृह, तीन वर्षांच्या अंतराने दोन ठराव. म्हणून कुणी अभिमानाने 'आमच्या काळात अमुक ठराव झाला' म्हणालं की मला विचारावंसं वाटतं, भाऊ, तो ठराव नळापर्यंत पोचला का?

आपल्या जिल्ह्याचं उदाहरणही टाळता येत नाही. जळगावच्या घरकुलांचं. झोपडपट्टीतल्या माणसांना पक्की घरं द्यायची म्हणून नव्वदच्या दशकात जळगाव नगरपालिकेने योजना आखली, कर्ज काढलं, हजारो घरांचा आराखडा केला. हेतू वाचला तर कुणीही हात वर करील. २००६ साली तक्रार झाली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवलं आणि त्यांत त्या काळातले नगरसेवक पुष्कळ होते. निकालाविरुद्ध वरच्या न्यायालयात अपिलं झाली, म्हणून मी नावं घेत नाही आणि निवाडाही करत नाही. पण त्या निकालाच्या दिवशी खानदेशातल्या प्रत्येक नगरपालिकेत एक शांतता पसरली होती, हे मला आठवतं. सभेत विषय वाचला जातो, 'मंजूर, मंजूर' असा आवाज होतो, चहा येतो. आपण कशाला मंजूर म्हटलं हे वीस वर्षांनी कुणी विचारू शकतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा अनेकांना उमगलं.

आता माझ्या वादाची गोष्ट.

नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षं आमच्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या एका गावात राहत होतो. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं की बाई कोण ते कळेल, आणि त्यांना ते आवडणार नाही. २०११ साली महिलांचं आरक्षण निम्म्यावर गेलं आणि त्यानंतरच्या निवडणुकीत आमचा वॉर्ड बाईंच्या वाट्याला आला. मोहल्ल्यात खळबळ. कुणाला उभं करायचं? शेवटी एका भाभींना उभं केलं, कारण त्यांच्या नवऱ्याला उभं राहायचं होतं. सातवीपर्यंत शिकलेल्या, बुरख्यात राहणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या बाई. निवडून आल्या. पहिलं वर्षभर सगळ्यांनी जे गृहीत धरलं होतं तेच झालं. सभेच्या दिवशी भाभी खुर्चीवर आणि भाईजान दाराबाहेर. कागद आला की भाईजान वाचत आणि भाभी सही करत. लोक 'नगरसेवक' म्हणून भाईजानलाच सलाम करत.

बदल कधी झाला ते मला नक्की सांगता येणार नाही. मला वाटतं पाण्यावरून झाला असावा. आमच्या भागात आठवड्यातून एकदा नळ येई आणि तोही रात्री दोनच्या पुढे. गल्लीतल्या बाया रात्रभर जाग्या. पुरुष झोपलेले. ही तक्रार भाईजानकडे कुणी नेली नाही, कारण पुरुषाला ती कळलीच नसती. बाया भाभींकडे गेल्या, शिवणयंत्राजवळ बसून बोलल्या. भाभी स्वतःही रात्री पाणी भरणाऱ्या. त्या थेट वॉलमनच्या घरी गेल्या. वॉल कुठल्या क्रमाने उघडतात, टाकी किती वाजता भरते, आमच्या भागाचा नंबर शेवटी का, हे सगळं त्यांनी त्या माणसाकडून समजून घेतलं. मग सभेत उठून बोलल्या. भाषण नव्हतंच ते. चार वाक्यं असतील. महिनाभराने आमच्या भागाची पाळी संध्याकाळी आली. नवीन योजना नाही, टेंडर नाही, एक रुपया खर्च नाही. त्याचा फलकही लागला नाही, कारण फलक कशावर लावणार?

त्या दिवसापासून भाभींनी वही ठेवली. शंभर पानी, शाळेच्या पोरांची असते तशी. कोण आलं, कशासाठी आलं, कोणत्या तारखेला आलं, झालं की नाही झालं. उर्दूत लिहायच्या, मधे मधे मराठी शब्द. 'मुख्याधिकारी', 'ऐनवेळचा विषय', 'मोजमाप' हे शब्द उर्दू लिपीत कसे दिसतात ते मी तिथेच पाहिलं. ऐनवेळच्या विषयावर त्यांचा फार डोळा असे. विषयपत्रिकेत नसलेला विषय सभा संपता संपता यायचा आणि चहाच्या घोटाबरोबर मंजूर व्हायचा. भाभी म्हणायच्या, ज्या विषयाला आठ दिवस आधी कागदावर यायची लाज वाटते त्याच्यात काहीतरी असणारच.

आता मी. त्या वर्षी आम्ही काही मंडळींनी मुशायरा ठरवला होता. मराठी आणि उर्दू, दोन्ही कवी. हिंदू-मुस्लिम एकोप्याचा कार्यक्रम. नगरपालिकेकडून मंडप आणि ध्वनिक्षेपकाचा खर्च मिळावा, असा अर्ज घेऊन मी भाभींकडे गेलो. माझी खात्री होती. वॉर्ड माझा, नगरसेविका माझ्या ओळखीच्या, काम पुण्याचं. संभाषण आमच्या घरच्या बोलीत झालं, इथे मराठीत सांगतो.

त्या म्हणाल्या, "भाई, तुम्ही आमच्या मुलींची शाळा पाहिली आहे का?"

मी म्हटलं, रोज तिच्यासमोरून जातो.

"आत गेला आहात का?"

आत मी कशाला जाईन? त्या म्हणाल्या, "मुतारीला दार नाही. मोठ्या मुली दुपारपर्यंत पाणी पीत नाहीत. काही जणींनी शाळा सोडली. माझ्या वाट्याला या वर्षी जो काही पैसा मागता येईल तो मी तिथे मागितला आहे. मुशायऱ्याला मी सभेत हात वर करणार नाही. तुम्ही दुसऱ्या कुणाकडून विषय आणा, पण मी विरोध करीन."

विरोध करीन, हे त्या मला माझ्या तोंडावर सांगत होत्या. मला फार राग आला. मी बाहेर येऊन चार लोकांना सांगितलं की या बाईंना साहित्यातलं काय कळणार. हेही म्हणालो की आपल्या समाजाचं हेच दुर्दैव आहे. आज ते आठवलं की कानाची पाळी गरम होते. सहा महिने मी त्यांच्याशी बोललो नाही. मुशायरा आम्ही वर्गणी काढून केला. तो चांगला झाला. वर्गणीने झाला म्हणून बिघडला नाही.

पुढे शाळेच्या मुताऱ्या झाल्या. दारं लागली, पाण्याची टाकी बसली. उद्घाटनाला मी गेलो नाही. त्यानंतर बऱ्याच काळाने जोतीरावांच्या चरित्रात त्या हजार रुपयांचा प्रसंग वाचत होतो. त्या सभेतल्या विरोधी मताने मी भारावून गेलो. त्यावर एक कविताही लिहायला घेतली. आणि लिहिता लिहिता लक्षात आलं की असं मत मी प्रत्यक्ष पाहिलं होतं. फक्त त्या वेळी मी स्वागत समितीत होतो.

कविता तिथेच अर्धी सोडली.

भाभींचं सगळंच काम असं होतं असं मी म्हणणार नाही. कबरस्तानाच्या भिंतीसाठी मोहल्ल्याचा रेटा आला तेव्हा त्यांनी नाल्याचं काम मागे ठेवलं आणि भिंत आधी करून घेतली. पावसाळ्यात तीन घरांत पाणी शिरलं. मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाल्या, "भिंत दिसते भाई, नाला दिसत नाही. मीही माणूस आहे." पुढे नाला झाला, पण त्या तीन घरांचं धान्य भिजलं ते भिजलंच. वहीत त्यांनी तीही नोंद केली होती, तारखेसह.

आणि पाच वर्षांनी काय झालं असेल? तुम्हाला वाटेल लोकांनी त्यांना निवडून दिलं किंवा पाडलं. तसं काहीच झालं नाही. आरक्षणाची सोडत निघाली आणि वॉर्ड बदलला. त्या उभ्याच राहू शकल्या नाहीत. शेजारच्या वॉर्डात जाऊन उभं राहायला पक्षाने त्यांना विचारलं नाही, कारण पक्षाला पुन्हा भाईजानशीच बोलायचं होतं. म्हणजे ज्या बाईने पाच वर्षांचा हिशेब तारीखवार लिहून ठेवला, तिला तो मतदारापुढे मांडायची वेळच आली नाही. आरक्षणाच्या मी विरोधात नाही. त्याच्याशिवाय भाभी सभेत पोचल्याच नसत्या. पण फिरत्या सोडतीमुळे असं होतं की माणूस काम शिकतो आणि त्याची जागा निघून जाते. मग 'पुढच्या वेळी मी इथे नाहीच' हे ठाऊक असलेला नगरसेवक मतदाराला कशाला भ्यावा? याच्यावर काही उपाय शोधायला हवा. जागा दर निवडणुकीऐवजी दोन निवडणुकांनी फिरवावी, असं काही जाणकार सुचवतात. मला त्यात तथ्य वाटतं.

जोतीरावांचं ते मत आज आपल्याला कळतं, कारण कुणीतरी ते लिहून ठेवलं. आजच्या सभांचं काय? इतिवृत्त असतं. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. अर्ज करून कुणीही इतिवृत्ताची नक्कल मागू शकतो. मी दोन-तीनदा मागवून वाचलं आहे. त्यात पानोपानी 'सर्वानुमते मंजूर' असतं. कोण उठलं, काय बोललं, कुणी नको म्हटलं, हे शोधत बसावं लागतं आणि बहुधा सापडत नाही. सगळेच सगळ्याला हो म्हणतात, असं गाव मी तरी पाहिलेलं नाही. आमच्या गल्लीत तर गणपतीच्या वर्गणीवर आणि ईदच्या कमानीवरही तीन मतं असतात.

डिसेंबरच्या निवडणुकीआधी एक तरुण उमेदवार माझ्या दारात आला होता. हसतमुख, हुशार पोरगा. पत्रक हातात दिलं. त्यात सोळा आश्वासनं होती. मी त्याला विचारलं, "बाळ, यातलं तू आधी काय करशील आणि कशाला नाही म्हणशील?" तो म्हणाला, "चाचा, नाही कशालाच म्हणणार नाही." त्याला वाटलं मी खूष होईन.

मागच्या महिन्यात मी त्या जुन्या गावाला गेलो होतो. भाभींच्या घरी चहा झाला. भाईजान आता राहिले नाहीत. शिवणयंत्र अजून चालू आहे. वहीचा विषय मीच काढला. त्यांनी पेटीतून काढून दाखवली. कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, पण अक्षर वाचता येतं. मी माझं पान शोधलं. माझं नाव, तारीख, 'मुशायरा, मंडप'. पुढे 'नाही' असं लिहून खाली एक रेघ मारलेली. मी त्यांना विचारलं, रेघ कशाला? म्हणाल्या, तुम्ही परत भांडायला याल असं वाटलं होतं, म्हणून जागा ठेवली.

नव्या नगरसेवकाला ही वही द्यावी का, असं त्यांनी मला विचारलं. कुठला वॉल कधी उघडतो, कुठल्या गल्लीतला नाला कुठे तुंबतो, सगळं त्यात आहे. मी म्हटलं, द्या. त्यांनी निरोप पाठवला आहे. अजून तो घ्यायला आलेला नाही.